मुलांना जंगलात शिकायला न्यायचंय? आधी एवढी तयारी करा

मुलांना न्यायच्या आधी मोठ्यांपैकी दोघांनी जागेवर जाऊन यायचंच, आणि मुलं ज्या वेळेला तिथे असणार त्याच वेळेला. नुसतं पायवाटेने फिरून उपयोग नाही, मान वर करून झाडं बघा. वाळलेली किंवा अर्धवट तुटून लटकलेली फांदी, मधमाशांचं पोळं, गांधीलमाश्यांचं घर, यातलं काहीही दिसलं की ती जागा बाद. पाणी कुठेय, घसरडं कुठेय, रेंज कुठे येते, गाडी कुठवर येते आणि सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं हे कागदावर लिहून घ्या, कारण ऐनवेळी नेट नसलं की मॅप उघडत नाही. जोराचा वारा किंवा विजांचा अंदाज असेल तर कितीही तयारी झालेली असो, त्या दिवशी कॅन्सल.

कपडे फुल बाह्यांचे, लांब पँट, मोजे, बंद बूट. पालकांना स्पष्ट सांगा की जुनेच कपडे द्या, नाहीतर मूल दिवसभर कपडेच सांभाळत बसतं. रंग फिकट असला की गोचीड पटकन दिसते, घरी गेल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघायला सांगा, आणि चिकटलेली सापडलीच तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची, तेल-काडेपेटी काही नको.

ॲलर्जी, दमा कुणाला आहे हे पालकांकडून लिहून घ्या, इनहेलर सोबतच्या मोठ्या माणसाच्या खिशात हवा, गाडीतल्या बॅगेत नाही. सोबत मोठी माणसं एवढी हवीत की एकजण एखाद्या मुलाला घेऊन निघाला तरी बाकीच्यांजवळ कोणीतरी उरेल. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता थेट हॉस्पिटल, हे सोबतच्या प्रत्येकाला माहीत हवं.

सामान मात्र खरंच कमी न्या. भिंगं, दोरी, मोजपट्टी, मेणाचे खडू, कागद, बास. वर्कशीट तर नकोच, मी यावर अडून बसेन, कारण मुलं मग रकाने भरायला खाली बघतात आणि समोरचं झाड राहून जातं. खडू-कागदाने खोडाचे ठसे घेऊ द्या. जमिनीपासून 1.3 मीटरवर दोरीने खोडाचा घेर मोजू द्या, मोठी मुलं त्याला 3.14 ने भागून जाडी काढतील, छोटी नुसत्या दोऱ्या शेजारी-शेजारी धरून लांबी बघतील. पडलेला ओंडका उचलायचा तर आपल्याकडे कलंडवायचा म्हणजे खाली कोणी असेल तर ते पलीकडून निघून जातं, आणि बघून झालं की अलगद जसाच्या तसा ठेवायचा, ते घर आहे कुणाचंतरी. मधेच 5 मिनिटं सगळ्यांनी लांब-लांब बसून फक्त ऐकायचं. पहिल्यांदा खुसखुस होणारच, होऊ द्या.

कुठपर्यंत फिरायचं ते रंगीत रिबिनी बांधून दाखवा (जाताना काढून घ्या), शिट्टी वाजली की सगळे परत, आणि प्रत्येक वेळी डोकी मोजा. कुठलंही फळ, पान, अळंबी तोंडात नाही.

शी-शूची सोय आधीच ठरवा, आणि हात धुवायला साबण-पाणी न्या, चिखलाच्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही.