चाळीस चित्रांत एक मिनिट: जुन्या टीव्ही-कार्टूनची काटकसर आपल्या शाळेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी शाळांत उत्तम हात असलेली मुले दरवर्षी भेटतात आणि वर्गात एखादा चांगला मोबाइलही उपलब्ध असतो. तरीही कार्टून करू या म्हटले की हजारो चित्रे काढणार कोण, या प्रश्नापाशी गाडी थांबते. प्रश्न रास्त आहे. चित्रपटात एका सेकंदात २४ चौकटी सरकतात आणि एकेक चित्र दोन-दोन चौकटी ठेवले, तरी एका मिनिटाला ७२० चित्रे लागतात. हाच हिशेब १९५०च्या दशकात अमेरिकेतील टीव्हीसाठी काम करणाऱ्या चित्रकारांसमोर होता, आणि त्यांनी काढलेले मार्ग आजही आठवी-नववीच्या मुलांना जसेच्या तसे वापरता येतात.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम कंपनीत 'टॉम अँड जेरी'चे लघुपट केले, तेव्हा वेळ आणि पैसा दोन्ही हाताशी होते. १९५७ मध्ये कंपनीने कार्टून विभाग बंद केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या दोघांचा 'द रफ अँड रेड्डी शो' टीव्हीवर आला. पाच मिनिटांच्या भागाला मिळणारी रक्कम तीन हजार डॉलरच्या आसपास होती, म्हणजे पूर्वीच्या खर्चाचा अगदी लहानसा अंश. त्यांनी चित्रे वाईट काढून पैसे वाचवले, असा समज आढळतो. तो मला मान्य नाही. कोणत्या क्षणी काय हलले पाहिजे आणि काय मुळीच हलले नाही तरी चालेल, हे त्यांनी चित्र काढण्याआधी ठरवले. ही ठरवाठरवी म्हणजेच या पद्धतीचा गाभा आहे, आणि मुलांना शिकवायची तीही हीच.

उदाहरणासाठी एक साधी गोष्ट घेऊ. मलप्रभेच्या काठाने एक म्हैस चालली आहे, तिच्या पाठीवर बगळा बसला आहे, पाण्यात उतरावे की उतरू नये यावरून दोघांचा वाद होतो आणि शेवटी म्हैस बगळ्यासकट पाण्यात बसते.

आधी आवाज

पहिले काम ध्वनिमुद्रणाचे. टीव्हीच्या त्या कार्टूनांत चित्र थोडे हलत असे, पण आवाज सतत जिवंत असे. हॅना-बार्बेरा यांच्या योगी बेअर (अस्वल) आणि हकलबरी हाउंड (कुत्रा) या दोन्ही पात्रांना डॉज बटलर या एकाच कलावंताने आवाज दिला होता, आणि त्या आवाजांमुळेच प्रेक्षकाला चित्राचे थांबलेपण जाणवत नसे. आपल्याकडे हे तत्त्व नवे नाही. आंबोली घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले, तर तेथील चित्रकथी परंपरेत निश्चल चित्र समोर धरून केवळ कथन आणि गायन यांच्या बळावर युद्धे उभी केली जातात.

संवाद पस्तीस-चाळीस सेकंदांचे ठेवावेत आणि उरलेला वेळ पावलांचा, पाण्याचा, घंटेचा आवाज व शांतता यांना द्यावा. खानापूर भागात पावसाळ्यात कौलांवर आणि पत्र्यांवर पाऊस पडू लागला की बाकीचे काहीच ऐकू येत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर घ्यावे, किंवा मग आतल्या खोलीत खिडक्यांवर चादरी व घोंगड्या टाकून करावे. प्रत्येक वाक्य स्वतंत्र फाइलमध्ये घ्यावे, म्हणजे पुढे वेळेची जुळणी सोपी जाते.

नंतर गणिताची चौकटींची वही घ्यावी. आपण सेकंदाला १२ छायाचित्रे घेणार आहोत, म्हणून एका ओळीतील १२ चौकटी म्हणजे एक सेकंद, अशा साठ ओळी आखाव्यात. ध्वनिमुद्रण थांबवत-थांबवत ऐकून कोणते अक्षर कोणत्या चौकटीत येते, ते लिहावे, आणि त्याखाली तोंड, डोळे, शरीर व पार्श्वभूमी यांसाठी जागा सोडावी. हा तक्ता पूर्ण होईपर्यंत कोणालाही रंगपेटी उघडू देऊ नये. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, पण पुढची सगळी बचत याच पानांवर ठरते.

पात्राचे तुकडे

योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय असण्यामागे निव्वळ व्यावहारिक कारण होते. कॉलरच्या रेषेवर डोके आणि धड वेगळे करता येत, त्यामुळे बोलताना फक्त डोके बदलायचे आणि धडाचे चित्र तसेच ठेवायचे. सांधा कॉलरखाली लपत असे. म्हशीच्या गळ्यात जाड दावे आणि घंटा घालावी, बगळ्याला उपरणे द्यावे. दोन्ही वस्तू आपल्या परिसरातल्या आहेत आणि सांधा झाकण्याचे काम चोख करतात.

पात्रे जाड कार्डशीटवर काढून कापावीत. धड एक, डोकी दोन किंवा तीन, डोळ्यांचे तीन तुकडे (उघडे, अर्धे, मिटलेले), बगळ्याच्या पंखांच्या चार स्थिती. कापलेल्या कडांना काळी किंवा गडद स्केचपेनची रेघ ओढावी, नाहीतर पांढरी कड छायाचित्रात उठून दिसते. तुकडे चिकटवू नयेत, नुसते ठेवावेत आणि चिमट्याने बदलावेत.

तोंडांसाठी मराठीला पाच आकार पुरतात: मिटलेले ओठ प, ब, भ, म यांसाठी, किंचित उघडे तोंड अ आणि बहुतेक व्यंजनांसाठी, मोठे उघडे आ-साठी, ताणलेले इ, ई, ए यांसाठी, आणि गोल उ, ऊ, ओ यांसाठी. प्रत्येक अक्षराला तोंड बदलण्याचा मोह टाळावा. ठळक स्वर आणि मिटलेले ओठ एवढे नेमके साधले की बाकीचे प्रेक्षकाचा कान भरून काढतो. 'म्हशीबाई' म्हणताना 'म्ह' आणि 'बा' या दोन्ही ठिकाणी ओठ मिटलेच पाहिजेत; ते चुकले तर लहान मूलसुद्धा काहीतरी बिघडले आहे हे ओळखते. तोंडाचा आकार आवाजाच्या एक चौकट आधी ठेवावा, नंतर कधीही नाही. १९५९ च्या 'क्लच कार्गो' या मालिकेत खऱ्या माणसाचे हलणारे ओठ चित्रातल्या चेहऱ्यावर बसवले होते. खर्च वाचला, पण चेहरा आणि ओठ कधी एकजीव झाले नाहीत. तो मार्ग मी मुलांना सुचवणार नाही.

एक पात्र बोलत असताना दुसऱ्याने पूर्ण स्थिर राहावे, मात्र तीन-चार सेकंदांनी त्याची पापणी लवावी: एक चौकट अर्धी, एक मिटलेली, एक पुन्हा अर्धी. एवढ्याने ते ऐकत आहे असे वाटते.

चाल आणि सरकणारा रस्ता

चालीची चित्रे मात्र खरोखर काढावी लागतात, आणि येथे घाई करू नये. म्हशीच्या फक्त पायांची आठ चित्रे ओएचपी शीटवर (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिक कागदावर) करावीत. आठवे संपले की पुन्हा पहिले, असे चक्र फिरते. शीट दरवेळी त्याच जागी बसावी म्हणून दोन भोके पाडणाऱ्या पंच मशीनने कडेला भोके पाडावीत आणि लाकडी फळीवर तेवढ्याच अंतरावर दोन खिळे ठोकावेत. रेघ पर्मनंट मार्करने पुढच्या बाजूने काढावी आणि रंग ॲक्रिलिक घेऊन मागच्या बाजूने भरावा, कारण पोस्टर कलर प्लास्टिकवरून सुटतो. म्हैस जड आहे, म्हणून प्रत्येक चित्र दोन चौकटी दाखवावे. बगळा उतरून चालला तर एकच चौकट.

म्हैस पडद्याच्या मधोमध जागेवरच चालते आणि मागचा रस्ता सरकतो. जमिनीवर टेकलेला पाय एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जितका मागे जातो, नेमकी तितकीच पार्श्वभूमीही मागे सरकली पाहिजे. पाय एक सेंटीमीटर मागे जात असेल, तर सेकंदाला सहा चित्रे म्हणजे रस्ता सहा सेंटीमीटर, आणि दहा सेकंदांच्या चालीला चौकटीच्या रुंदीपेक्षा साठ सेंटीमीटर अधिक लांब पट्टी. एवढी लांब पट्टी नको असेल, तर तिचा शेवटचा, चौकटीच्या रुंदीएवढा भाग अगदी सुरुवातीच्या भागासारखा रंगवावा आणि तेथे पोहोचताच पट्टी पुन्हा सुरुवातीला आणावी. हॅना-बार्बेरा यांच्याच 'फ्लिंटस्टोन्स' मालिकेत घरातल्या घरात धावणाऱ्या पात्रामागून तीच वस्तू वारंवार जाते, ती याचमुळे. पट्टीवर भातशेती, नारळ, लांबवर राजहंसगडाची रेघ असावी. पण चटकन लक्षात राहील असे एखादे वेगळे झाड ठेवू नये, पुनरावृत्ती त्यानेच उघडी पडते.

जे दाखवायचेच नाही

म्हैस पाण्यात बसते ते काढणे सर्वांत अवघड, म्हणून ते काढूच नये. बगळ्याचा विस्फारलेला चेहरा जवळून दाखवावा, धपकन आवाज द्यावा, सहा चौकटी संपूर्ण पार्श्वभूमी तीन-चार मिलिमीटर वर-खाली हलवावी, उडालेल्या पाण्याची चार चित्रे एकामागून एक ठेवावीत आणि मग थेट पाण्यावर तरंगणारे उपरणे दाखवावे. टीव्हीच्या कार्टूनांत पात्र चौकटीबाहेर धावते, बाहेर आदळल्याचा आवाज होतो आणि चित्र थरथरते, ती युक्ती हीच.

छायाचित्रण आणि साठवण

मोबाइल दोन बाकांमध्ये आडव्या ठेवलेल्या फळीवर, कॅमेरा खाली, असा घट्ट बसवावा. 'स्टॉप मोशन स्टुडिओ'सारख्या ॲपमध्ये वेग १२ ठेवावा, फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करावा. खिडकीचा उजेड ढगांबरोबर बदलतो, म्हणून ती बंद करून दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावावेत, आणि वीज जाण्याची शक्यता ध्यानात घेऊन एक दृश्य एकाच बैठकीत संपवावे. स्थिर प्रसंगांत एकच छायाचित्र हवे तितक्या चौकटी वाढवता येते.

आता हिशेब पाहावा. पायांची ८, दोघांची तोंडे १०, डोळे ६, पंख ४, डोकी ५, धडे २, पाणी ४: एकूण ३९ तुकडे, आणि दोन पार्श्वभूमी.

काम झाले की हे तुकडे टाकू नयेत. जपानी चित्रकार ओसामु तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय'ची टीव्ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून जपानमध्ये दर आठवड्याला दाखवली जाऊ लागली, तेव्हा काढलेली चित्रे जपून ठेवून पुढच्या भागांत पुन्हा वापरण्याची व्यवस्था त्यांच्या स्टुडिओने केली होती. प्रत्येक पात्राचे वेगळे पाकीट करून त्यावर नाव व तुकड्यांची संख्या लिहावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना म्हैस आणि चाल तयार मिळेल.

आपल्या भागात बहुतेक मुलांना कन्नडही येते, म्हणून त्याच चित्रफितीला दुसरा ध्वनी देणे सहज शक्य आहे. दूरची दृश्ये तशीच राहतात. फक्त जवळून दिसणाऱ्या बोलत्या चेहऱ्यांसाठी तोंडांचा तक्ता नव्याने लिहावा लागतो. कन्नडमध्ये शब्द बहुधा स्वरात संपतात, तेव्हा वाक्याच्या शेवटी तोंड लगेच मिटू देऊ नये. दोन चौकटी उघडे ठेवून मगच मिटवावे.