पेशंटचा डेटा एआय कंपनीला देताय? आधी या चुका टाळा

नाव आणि मोबाईल नंबरचे कॉलम उडवले की डेटा निनावी झाला असं समजणारे लोक अजून भेटतात, आणि त्यात चांगल्या पोस्टवरचे पण असतात! लतान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची मेडिकल फाईल अशाच 'निनावी' डेटातून शोधून दाखवली होती, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी जुळवला, बस. म्हणून जन्मतारखेच्या जागी नुसतं वय द्या, पिनकोडचे शेवटचे आकडे कापा, आणि एका पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागेपुढे सरकवा म्हणजे ॲडमिट ते डिस्चार्ज हे अंतर तसंच राहतं. डायकॉम फाईलचं (स्कॅन, सोनोग्राफीचे फोटो ज्या फॉरमॅटमध्ये साठवतात ती) हेडर, म्हणजे फोटोसोबतची लिखित माहिती, सगळे साफ करतात पण सोनोग्राफीच्या फोटोवरच नाव छापलेलं असतं ते कुणी बघत नाही. डॉक्टरांच्या नोट्स तर त्याहून वाईट, 'मुलगी इथेच नर्स आहे' असलं काहीतरी हमखास सापडतं.

दुसरी चूक म्हणजे 'चांगल्या कामासाठीच तर देतोय' म्हणून डेटा कशासाठी ते नीट न लिहिणं. लंडनच्या रॉयल फ्री ट्रस्टने किडनीचा धोका वेळेत कळावा या ॲपसाठी गुगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीला सुमारे १६ लाख पेशंटचा डेटा दिला, हेतू वाईट नव्हताच, तरी २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी हे कायद्यात बसत नाही म्हणून सांगितलं, कारण ॲपच्या टेस्टिंगसाठी आपला डेटा वापरला जातोय हे पेशंटना नीट सांगितलंच नव्हतं. करारात या डेटावर एआय मॉडेलचं ट्रेनिंग (म्हणजे त्याला शिकवणं) चालेल का, डेटा कधी डिलीट होणार, आणि पेशंटने संमती मागे घेतली तर काय, हे आधीच लिहून घ्या. ट्रेन झालेल्या मॉडेलमधून एकाचा डेटा परत काढणं सोपं नाहीये, त्यामुळे नंतर बघू म्हणू नका.

डेटा दिला पण मॉडेल भलतंच सांगतंय? आधी युनिट बघा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) एका लॅबचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि दुसरीचं मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर आकडा सुमारे ८८ पट वेगळा दिसतो. मग रिकामे रकाने बघा, टेस्ट केलीच नाही की रिपोर्ट चढवायचा राहिला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे कंपनीला कळणार नाही, वॉर्डातल्या माणसालाच विचारावं लागतं. तरी गडबड असेल तर ज्या हॉस्पिटलचा डेटा ट्रेनिंगला वापरलाच नाही तिथला घेऊन चालवून बघा, एक्स-रेची मॉडेल्स कधीकधी आजार सोडून फोटो कुठल्या मशीनवर काढलाय तेवढंच शिकतात.