कपाट आवरताना या चुका टाळा

"कपाट आवरायचंय, जरा मदतीला येतेस का?" असा फोन आला की मी आधी विचारते, "सगळं बाहेर काढून बसलीस का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, पलंगावर ढीग घातलाय." मग मी चप्पल घालते, कारण आता रात्र होणार हे ठरलेलं असतं.

हीच माझी सगळ्यात नावडती चूक, आणि तिचा सल्ला सगळीकडे मिळतो: अख्खं कपाट रिकामं करा, म्हणजे पसारा डोळ्यांसमोर येईल. येतो ना. पण तो परत आत कोण घालणार? माझ्या मावसबहिणीनं एका रविवारी दुपारी चार वाजता कपाट उपसलं. हुरूप आला म्हणून माळ्यावरच्या बॅगाही खाली काढल्या. मी सहाला पोचले तेव्हा पलंग दिसत नव्हता आणि ती मधोमध बसून एक जुना कोट अंगाला लावून बघत होती. नऊपर्यंत जेमतेम पाव ढीग निवडून झाला. अकराला झोपायला जागा हवी होती. मग दोघींनी दोन्ही हातांनी कवेत घेऊन सगळं जसंच्या तसं आत कोंबलं आणि गुडघ्यानं दार लावलं. ठेवायचं, द्यायचं, धुवायचं, सगळं एकत्र. आधी निदान मोजे कुठे आहेत हे तिला माहीत तरी होतं. नंतर पंधरा दिवस तेही सापडेनात.

तेव्हापासून माझा नियम एकच: एका बैठकीला एक प्रकार. आज फक्त शर्ट. सगळ्या खणांतले, खुर्चीवरचे, दारामागच्या खुंटीवरचेही गोळा करायचे, पण शर्टच. पाऊण तासात आटपतं, आणि एकाच रंगाचे सात शर्ट शेजारी शेजारी दिसले की मला काही बोलावं लागत नाही. शर्ट जागेवर गेल्याशिवाय पँटींना हात लावायचा नाही. असं केलं तर अख्खं कपाट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ज्यांना ते जास्त वाटतात त्यांनी आपलं आहे ते कपाट किती वर्षांत भरलं ते आठवावं.

काय ठेवायचं यावर फार डोकं चालवू नका. सगळे हँगर दांडीवर उलटे अडकवा, म्हणजे आकडा आपल्याकडे तोंड करून. कपडा घालून झाला की परत लावताना सरळ. वर्षभरानं जे उलटेच राहिले ते दिसतातच. घाईच्या लोकांना ही युक्ती आवडत नाही, कारण तिला वर्ष लागतं. समारंभाचे कपडे यातून वगळा. आणि "बारीक झाल्यावर घालेन" या कपड्यांना एकच खोका. भरला की भरला, दुसरा नाही.

द्यायच्या कपड्यांची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. दारामागे ठेवलेल्या पिशवीतून कपडे चालत परत कपाटात येतात, मी पाहिलंय.

दुसऱ्याचे कपडे त्याला न विचारता काढू नका. यावर जास्त लिहीत नाही, घरोघरी अनुभव आहे.

आधी खोके आणि डबे विकत आणणं म्हणजे आधी कळस मग पाया. माझ्या एका मैत्रिणीनं सहा सुंदर खोके आणले. फळी मोजली होती, पण दाराच्या बिजागऱ्या आत येतात ते मोजलं नव्हतं. दोन सेंटीमीटर. दार लागेना. ते खोके आता तिच्या पलंगाखाली आहेत, आणि त्यांत काय आहे ते तिला आठवत नाही. नेहमीचा मोठ्यांचा हँगर ४० ते ४५ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून टांगायच्या कप्प्याला आतून ५५ ते ६० सेंटीमीटर खोली लागते. त्याहून कमी असेल तर बाह्या दारात अडकणारच. मग तिथे दांडी लावू नका, घड्या ठेवा. खरेदी सगळ्यात शेवटी. बुटांचे रिकामे खोके दोन महिने वापरून बघा, निम्म्या वेळा तेच पुरतात.

आता माझी स्वतःची चूक. लोकरीचा एक चांगला स्वेटर मी थंडीत दोनदाच घातला होता. "दोनदाच तर घातलाय" म्हणून न धुता घडी केली, पिशवीत घातला, सगळ्यात खालच्या खणात सरकवला. आठ महिन्यांनी काढला तर पुढून चाळण. भोकं नेमकी कुठे? गळ्याशी, काखेत, आणि जिथे चहा सांडला होता तिथे. लोकरीला लागणारी कसर म्हणजे एक बारीक पतंग, पण उडणारा पतंग काही खात नाही. खाते ती त्याची अळी. लोकर, रेशीम, पिसं यांतलं प्रथिन तिला पचतं, आणि घाम किंवा अन्नाचा डाग असेल तर तिची मेजवानीच. वर अंधार, आणि महिनोन्महिने कोणी हलवत नाही. मी तिला घर बांधून दिलं होतं.

म्हणून एकदाच घातलेला लोकरीचा कपडासुद्धा धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. पूर्ण वाळवून म्हणजे शिवणीही हाताला कोरड्या लागल्या पाहिजेत, नाहीतर कसरीऐवजी बुरशी येईल. शंका असलेला कपडा मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवते. घरचे हसतात, हसू देत.

"डांबरगोळ्या टाकल्यात की!" हे उत्तर मला चालत नाही. त्यांची वाफ बंद डब्यात साठली तरच उपयोग. दिवसातून दहादा उघडणाऱ्या कपाटात फक्त वास येतो. शिवाय ती वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवायच्या, तळाशी नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असतं, आणि या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

बाकी भराभर. विणलेले स्वेटर टांगू नका, स्वतःच्या वजनानं ओघळतात आणि खांद्यावर उंचवटे येतात. तारेचे हँगर गंजले की डाग पडतो तो जात नाही. ड्रायक्लीनिंगचं प्लास्टिक घरी आल्याबरोबर काढा, आत दमटपणा कोंडतो. आतली हवा ओढून काढायच्या व्हॅक्यूम पिशव्या सिंथेटिक कपड्यांना ठीक, पिसांच्या जॅकेटाला नको, त्याचा फुगीरपणा जातो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. रेशमाची घडी मधूनमधून बदला, त्याच रेषेवर राहिली तर तिथेच विरतं.

आणि मावसबहिणीचा परवा फोन होता. शर्ट झाले म्हणाली. मी विचारलं, "पँटी?" तर म्हणे, "त्या काढल्यात पलंगावर, आणि सोबत जरा चादरीही."