हॅरी पॉटरच्या जागा बघायला ब्रिटनला निघालात? या चुका टाळा

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला उतरलं की बहुतेक लोक ९ आणि १० नंबरच्या फलाटांमधली भिंत शोधत सुटतात आणि तिकिटाच्या गेटपाशी अडकतात. कथेतला पावणेदहा नंबरचा फलाट तिथे नाही. भिंतीत अर्धी घुसलेली ती ढकलगाडी गेटच्या बाहेर, स्टेशनच्या मोठ्या दालनात आहे. तिथे जायला तिकीट लागत नाही. चित्रीकरण तर ४ आणि ५ नंबरच्या फलाटांवर झालं होतं. दुसऱ्या सिनेमात बाहेरून दिसते ती लाल विटांची देखणी इमारत शेजारच्या सेंट पँक्रस स्टेशनची. एका स्टेशनचे असे तीन ठिकाणी तुकडे.

हाच घोळ पुढे सगळीकडे भेटतो. चित्रीकरण झालेली जागा वेगळी, जिच्यावरून कल्पना सुचली असं सांगतात ती वेगळी आणि चाहत्यांसाठी नंतर उभारलेली आणखी वेगळी. यादी करताना प्रत्येक नावापुढे यांपैकी काय ते लिहून ठेवा.

ढकलगाडीपाशी स्वतःच्या मोबाइलवर फोटो फुकट काढता येतो. पैसे लागतात ते त्यांच्या फोटोग्राफरने काढलेल्या प्रतीचे. शेजारचं दुकान उघडण्याआधी पोचलात तर रांग नसते, पण फोटोसाठी मफलर हवेत उडवून देणारा माणूसही नसतो. तेव्हा आपला मफलर आणि तो उडवायला घरचंच कुणीतरी.

स्टुडिओ टूर: तिकीट आणि वॉटफर्ड

लंडनजवळच्या लीव्हस्डेनचा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ २०१२ पासून लोकांना खुला आहे. तिथे दारात तिकीट मिळत नाही. तारीख आणि वेळ ठरवून आधीच काढावं लागतं, आणि तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांतली तिकिटं फार आधी संपतात. आपली दिवाळीची सुट्टी आणि त्यांची ऑक्टोबरअखेरची सुट्टी पुष्कळदा जवळजवळ येतात, त्यामुळे इथे मराठी कुटुंबं हमखास अडकतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा निर्णय अर्ज आणि बोटांचे ठसे दिल्यावर साधारण ३ आठवड्यांत येतो. व्हिसा हातात आल्यावर तिकीट बघू म्हणाल तर तिकीट गेलेलं असतं. तिकीट आधी काढून व्हिसा लांबला तर पैसे अडकतात. म्हणून अर्ज लवकर करा, आणि तिकीट काढताना तारीख बदलून मिळते का, तो नियम पैसे भरण्याआधी वाचा.

दुसरी चूक स्टेशनाची. स्टुडिओची बस सुटते वॉटफर्ड जंक्शनवरून. मेट्रोपॉलिटन लाइनच्या शेवटी नुसतं 'वॉटफर्ड' नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे, ते वेगळं, आणि तिथून जंक्शन पायी सुमारे अर्धा तास. दादरची पश्चिम आणि मध्य रेल्वेची स्टेशनं असतात तसं शेजारी-शेजारी नाही हे. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून जंक्शनला जलद गाडीने साधारण २० मिनिटं लागतात, पण त्याच यूस्टनहून प्रत्येक स्टेशनावर थांबणारी धीमी गाडीही सुटते आणि तिला पाऊण तासाहून जास्त लागतो. फलकावर मधले थांबे मोजून मगच चढा. तिकिटावरच्या वेळेच्या ४५ मिनिटं आधी जंक्शनवर असायला हवं, कारण पुढे बसची रांग आणि १५ मिनिटांचा प्रवास आहे.

आत किमान साडेतीन-चार तास धरा. दुपारी उशिराची वेळ घेणारे सुरुवातीच्या मोठ्या दालनात फोटो काढत रेंगाळतात आणि शेवटाला पळतात. कथेतल्या जादूच्या शाळेच्या किल्ल्याची १:२४ प्रमाणातली प्रतिकृती नेमकी शेवटीच आहे, आणि आमच्या मते स्टुडिओतली सगळ्यात थांबून बघायची वस्तू तीच. शाकाहारी लोकांसाठी एक: दुकानातल्या चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांपासूनच बनतं. वेष्टनावर शाकाहारींसाठी योग्य असल्याची खूण बघून घ्या. बटरबिअर या कथेतल्या पेयात मात्र दारू नाही. आहे ती साखर, म्हणून दोघांत एक पुरे.

ग्लेनफिननचा पूल: गाडीत बसायचं की गाडी बघायची?

दोन्ही एकाच दिवशी जमवायच्या नादात दोन्ही हुकतात. सिनेमात जादूच्या शाळेची गाडी जिथून जाते तो स्कॉटलंडमधला हा २१ कमानींचा पूल काँक्रीटचा आहे, सुमारे ३० मीटर उंच, वळण घेत जाणारा. फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाणारी जॅकोबाइट ही वाफेच्या इंजिनाची गाडी त्यावरून जाते. तिचा नेहमीचा हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतचा, आणि जागा काही महिने आधी भरतात.

गाडीत बसणार असाल तर मॅलेगकडे जाताना डावी बाजू घ्या. वळणाची आतली बाजू तीच, त्यामुळे पुलावर पुढचं इंजिन आणि डबे खिडकीतून दिसतात. उजवीकडे बसलेल्यांना डोंगर दिसतो. जागा मिळाली नाही तर स्कॉटरेलची साधी गाडी त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून, बऱ्याच कमी पैशांत जाते. इंजिनाची शिट्टी सोडली तर फारसं काही बुडत नाही.

खालून फोटो काढणार असाल तर सकाळी मॅलेगकडे जाणारी गाडी पकडा. परतीच्या प्रवासात इंजिन सहसा उलट्या तोंडाने धावतं, त्यामुळे फोटोत धुराडं मागे येतं. पूल ग्लेनफिनन स्टेशनच्या अलीकडे आहे; गाडी सुटण्याच्याच वेळेला फोर्ट विल्यमहून मोटारीने निघालात तर वाहनतळ भरलेला असतो. किमान दीड तास आधी पोचा. गार हवेत वाफ पांढरीशुभ्र दिसते, उन्हात विरून जाते, म्हणून सकाळ ढगाळ निघाली तर नाराज होऊ नका. रुळांवर उतरणं मात्र गुन्हा आहे.

छोट्या जागा, छोटे घोटाळे

जादूगारांच्या खानावळीचं दार दोन ठिकाणी आहे: पहिल्या सिनेमातलं लेडनहॉल मार्केटजवळच्या बुल्स हेड पॅसेजमध्ये, तिसऱ्यातलं बरो मार्केटशेजारी. लेडनहॉलला शनिवार-रविवारी गर्दी नसते, पण बहुतेक दुकानंही बंद. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजमधला जिना सिनेमातला खरा. भोजनगृहावरून मात्र फक्त प्रेरणा घेतली, सेट स्टुडिओत बांधला. विद्यार्थी तिथे रोज जेवतात, म्हणून दुपारच्या जेवणाला ते पर्यटकांसाठी बंद असतं. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या लेलो या १९०६ च्या पुस्तकांच्या दुकानाचा तर कथेशी संबंधच नाही; आपण तिथे कधी गेलोच नाही, असं लेखिकेने २०२० मध्ये स्पष्ट केलं. जिना सुंदर आहे, त्यासाठी जरूर जा. आत जायचं तिकीट पुस्तकाच्या किमतीतून वजा होतं. ते न वापरता बाहेर पडणारेच जास्त.

जादूच्या थीमचे बार

इथे पहिली अडचण शोधण्याची. कथेतली नावं ट्रेडमार्क असल्याने हे बार ती वापरत नाहीत. 'काढा', 'कढई', 'किमया' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी शोधा. बहुतेक ठिकाणी दीड-पावणेदोन तासांचं ठरलेलं सत्र असतं. उशिरा पोचलात तर तुमचीच मिनिटं जातात.

ब्रिटनमध्ये दारूसाठी वयाची अट १८ ची, पण २५ पेक्षा लहान दिसणाऱ्याला ओळखपत्र विचारायचा रिवाज आहे. आधार कार्ड किंवा पासपोर्टचा मोबाइलमधला फोटो चालत नाही. मूळ पासपोर्ट लागतो. बिलात सेवा शुल्क आधीच धरलंय का ते बघा, नाहीतर टिप दोनदा जाते.

आता या बारमध्ये मिळणारा धुराचा पेला. तो धूर कोरड्या बर्फाचा, म्हणजे उणे ७८.५ अंशांवर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. त्याचे खडे तळाशी बसतात. स्ट्रॉने ओढले किंवा पेला पालथा केला तर तोंडात येतात आणि तोंड, घसा, जठर भाजतात. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवास समजून हे खडे खाल्लेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. द्रव नायट्रोजन तर उणे १९६ अंशांचा. २०१२ मध्ये लँकेस्टरला तसं पेय प्यायलेल्या १८ वर्षांच्या मुलीचं जठर काढावं लागलं. बुडबुडे आणि धूर पूर्ण थांबेपर्यंत पेला ओठांना लावू नका.

घरी वाढदिवसाला हा देखावा करायचा असेल तर दोन भांडी घ्या. बाहेरच्या परातीत गरम पाणी आणि कोरड्या बर्फाचे खडे, मधोमध वेगळ्या पेल्यात सरबत. धूर परातीतून वाहतो, पेल्यात खडा जात नाही. खडे चिमट्याने उचला, खिडकी उघडी ठेवा. उरलेला कोरडा बर्फ थर्माकोलच्या खोक्यात, झाकण सैल ठेवून. घट्ट बुचाच्या बाटलीत किंवा डब्यात भरलात तर वायू कोंडून ती फुटते.