कमी दिवसांच्या बाळाचं फुप्फुस : या चुका टाळा

34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे वायुकोशांना आतून उघडं ठेवणारा पातळ थर, अपुरं असतं. या थराविना श्वास सोडताच वायुकोश मिटतात आणि पुढच्या श्वासाला ताण देऊन उघडावे लागतात. या ओढाताणीत अस्तर फाटतं, प्रथिनं झिरपतात, उरलंसुरलं सरफॅक्टंटही निकामी होतं. बाळ कण्हतं ते वायुकोश उघडे ठेवायला. त्याला रडणं समजू नका.

धारणीहून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे मेळघाटातला घाटरस्ता. म्हणून ‘इंजेक्शन पुढे देतील’ ही सगळ्यात महागडी चूक. 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या, की डेक्सामेथासोन (पोटातल्या बाळाचं फुप्फुस लवकर तयार करणारं औषध) 6 मिग्रॅ आईच्या स्नायूत द्या. दर 12 तासांनी, एकूण 4 डोस. मिलीला 4 मिग्रॅची व्हायल असेल तर दीड मिली. पहिला डोस टोचूनच आईला गाडीत बसवा आणि वेळ चिठ्ठीवर लिहा.

अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) जोरात दाबू नका. अपुऱ्या दिवसांच्या कोकरांवरच्या प्रयोगात जन्मताच दिलेल्या अवघ्या 6 मोठ्या श्वासांनी फुप्फुस दुखावलं होतं. छाती जेमतेम उचलली, पुरे. छाती हलतच नसेल तर आधी मास्क, मानेची ठेवण आणि तोंडातला चिकटा बघा. दाब त्यानंतर वाढवा.

ऑक्सिजनवरच्या बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 100 टक्के दिसला की सगळे निर्धास्त होतात. तिथंच चुकतं. जादा ऑक्सिजन फुप्फुस आणि डोळ्याचा पडदा, दोन्ही बिघडवतो. सेन्सर उजव्या हाताला लावा. जन्मानंतर 5 मिनिटांनी 80–85 टक्के ठीक. पुढे 90–95 ठेवा, वर गेला तर ऑक्सिजन कमी करा. साध्या हवेवर 100 आला तर मात्र काळजी नको.

बबल सीपॅप नाकातून सतत हलका दाब देऊन वायुकोश उघडे ठेवतो. त्याची नळी पाण्यात 5 सेंमी बुडाली, की दाबही 5 सेंमी पाण्याइतका. बुडबुडे थांबले तर प्रॉंग्ज (नाकपुड्यांतल्या छोट्या नळ्या) सैल आहेत का, तोंड उघडं आहे का, ते तपासा. नळीत साचलेलं पाणी काढा. बाटलीतलं पाणी वाढलं की दाबही नकळत वाढतो, हे बहुतेकदा कुणी बघतच नाही. पोट फुगू नये म्हणून तोंडातून घातलेली पोटाची नळी उघडी ठेवा.

गार पडलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो. काखेतलं तापमान 36.5 अंशांखाली जाऊ देऊ नका. स्थिर बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधा. घरी गेल्यावर बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी नको, हे आजीलाच समोर बसवून सांगा.