पावसाळ्यात पेटीत मध किती उरला, हे कळायला सेन्सर लागतो का?

यंदा नव्याने मधपेट्या घेतलेल्यांचा जून-जुलैतला नेहमीचा प्रश्न असतो, 'पेटीखाली ठेवायचा तो मोबाईलवर वजन दाखवणारा काटा घ्यावा का?' सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पाच-दहा पेट्या घराजवळच असतील, तर नको. त्या पैशांची साखर घ्या, आणखी एक रिकामी पेटी घ्या आणि उरले तर माश्यांना शांत करायचे धुराडे बदला.

काटा वाईट म्हणून नको, असे नाही. आपल्या पावसात आणि आपल्या माशीच्या बाबतीत तो नेमके हवे ते सांगत नाही, म्हणून नको. युरोप-अमेरिकेतली मेलीफेराची, म्हणजे मोठ्या युरोपीय मधमाशीची, वसाहत हिवाळ्यासाठी वीस-तीस किलो मध साठवते. तिथे किलोभर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. आपली सातेरी आटोपशीर माशी आहे. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मोसम संपून मध काढून झाला की तिच्याकडे उरतो तो किलो-दोन किलो. आता त्यात पाऊस धरा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोकणातही जुलैत लाकूड वाळत नाही. समजा आठ किलोच्या पेटीने आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी धरले, तर वजन 800 ग्रॅमने वाढले. आत माश्या 800 ग्रॅम मध खाऊन बसल्या असतील तरी मोबाईलवर वजनाची रेघ सरळच दिसेल. उपाशी वसाहतीची बातमी लाकडातले पाणी झाकून टाकते. शिवाय सह्याद्रीच्या खोऱ्यात जुलैत मोबाईलची रेंज आणि सौर पॅनेलला ऊन, दोन्हींचा भरवसा काय, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको.

काटा एकूण वजन सांगतो. त्यात मध किती, पराग किती, अळ्या किती, हे त्याला कळत नाही. तापमानाचा सेन्सर आत पिल्ले (अंडी, अळ्या, कोष) आहेत की नाहीत याचा अंदाज देतो, पण साठ्याबद्दल काही बोलत नाही.

मग बघायचे कसे? उघडीप मिळेल त्या दिवशी, दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान, माश्या ये-जा करत असताना पेटी उघडा. सगळ्या चौकटी, म्हणजे पोळे बांधलेल्या लाकडी फ्रेम, उपसायच्या नाहीत. कडेच्या दोन आणि मधली एक एवढ्या पुरतात, दोन-तीन मिनिटांत झाकण परत. मध कडेच्या पोळ्यांत आणि पिल्लांच्या वर कमानीसारखा असतो. मेणाने बंद केलेला भाग तळहाताने मोजा, बोटे सोडून. त्यामागचा हिशोब सोपा आहे. दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड पोळे म्हणजे 250 घनसेंटिमीटर. मध पाण्याच्या साधारण 1.4 पट जड, म्हणजे 350 ग्रॅम. तळहात त्याहून थोडा लहान, पोळे सगळीकडे तेवढे जाड नसते आणि मेणही वजा करायचे. म्हणून दोन्ही बाजूंनी बंद असलेला एक तळहात म्हणजे पाव किलो धरा. माझा ठोकताळा असा: सगळ्या पेटीत मिळून चार तळहातांहून कमी असेल तर साखरेचा पाक सुरू करा, दोनहून कमी असेल तर त्याच संध्याकाळी द्या. उघडा, पातळ मकरंद मोजणीत धरू नका, तो सलग पावसाच्या दोन-चार दिवसांत संपतो.

तळहाताइतकेच महत्त्व पिल्लांना आहे, आणि नवखे लोक नेमके इथेच बघत नाहीत. कोवळ्या अळ्यांभोवती पांढरट, ओलसर खाद्य दिसले पाहिजे. पोळ्यातले घर कोरडे आणि अळी सुकलेली दिसली तर टंचाई सुरू झाली. राणी फिरते आहे पण अंडी नाहीत, मध संपत आला आहे आणि कोषही उरलेले नाहीत, असे दिसले तर ती वसाहत पेटी सोडून जायच्या तयारीत असू शकते. सातेरी उपाशी बसून मरण्यापेक्षा निघून जाणे पसंत करते, हा तिचा स्वभाव आहे. घरांत डोके खुपसून मेलेल्या माश्या दिसल्या तर मात्र उशीर झाला. उरलेल्या जिवंत माश्यांवर कोमट पाक हलका शिंपडा, वसाहत अगदीच लहान उरली असेल तर शेजारच्या पेटीत मिसळा.

पेटी उघडण्याजोगा दिवस मिळत नसेल तर पाठीमागून एका हाताने बोटभर उचलून बघा. सगळ्या पेट्या एकामागून एक उचलल्या की हलकी कोणती ते हाताला लगेच समजते, कारण भिजलेल्या सगळ्याच असतात. आकडाच हवा असेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा काही शे रुपयांत मिळतो. एक बाजू उचलून आकडा घ्या, मग समोरची बाजू, दोन्हींची बेरीज म्हणजे पेटीचे वजन. आकडे वहीत लिहा, झाकणावर खडूने लिहिलेले पावसात राहत नाही.

पाक करताना पाणी उकळून गॅस बंद करा आणि मग साखर विरघळवा. साखर करपू देऊ नका, करपलेली साखर माश्यांना बाधते. एरवी एक किलो साखरेला एक लिटर पाणी चालते. भर पावसात मात्र मी दोन किलोला एक लिटर सुचवेन, दाट पाक लवकर आंबत नाही आणि ओल्या हवेत माश्यांना आटवत बसावे लागत नाही. गूळ, काकवी नको, माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही देऊ नका, त्यातून रोग येतो. एका सातेरी वसाहतीला एका वेळी 200 ते 250 मिली, आठवड्यातून दोनदा, आणि रात्रीतून संपेल एवढेच. पाक पेटीच्या आत, अंधार पडताना आणि सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्यायचा. एकीला दिला, दुसरीला नाही, तर दुसऱ्या दिवशी लुटालूट ठरलेली. भांड्यात चार काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असू द्या, पाक सांडला की मुंग्या आल्याच.

माश्या झाकू शकत नाहीत अशी रिकामी पोळी काढून घ्या, तळपाट खरवडा, दार लहान करा. पोळी पोखरणारा मेणपतंग अशाच मोकळ्या पोळ्यांत घुसतो, आणि पाक दिला म्हणून तो थांबत नाही.

आता काटा कुणी घ्यावा ते सांगतो. मेलीफेराच्या पन्नास-शंभर पेट्या मोहरीसाठी राजस्थानात किंवा सूर्यफुलावर नेणाऱ्याने, तेही एका ठिकाणी एकाच पेटीखाली. फुलोरा कधी सुरू झाला, कधी ओसरला, पेट्या कधी हलवायच्या, हे घरबसल्या कळले तर डिझेल वाचते. तिथे हवा कोरडी असते आणि बघायची असते ती वाढ. दोन-तीन मोसम हाताने पेट्या बघितलेल्यालाच त्या रेघेचा अर्थ लागतो.

नव्यांसाठी महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, दोन्हीकडे प्रशिक्षण मिळते. राज्याच्या मधकेंद्र योजनेत पेट्या 50 टक्के अनुदानावर मिळतात. प्रशिक्षणात दुसऱ्याच्या पेटीत हात घालून मध मोजायला मागा, नुसती व्याख्याने ऐकून येऊ नका.

श्रावणात तेरडा आणि पुढे सोनकी फुलली की पायांना पराग लावून माश्या परतताना दिसतील. परागाने पिल्ले वाढतात, पण मधाचा साठा लगेच होत नाही, म्हणून पाक एकदम तोडू नका. कडेच्या पोळ्यांत नवा मकरंद चमकू लागला की थांबवा. ज्या चौकटींत पाक साठवला गेला त्यांच्या वरच्या पट्टीवर आत्ताच खूण करून ठेवा आणि त्यातला साठा वसाहतीलाच राहू द्या. मध काढताना त्या चौकटी मधयंत्रात, म्हणजे फिरवून मध काढायच्या यंत्रात, जाता कामा नयेत.