कंपनीतला इंटरव्ह्यू झाला, आता पुढे काय? या चुका टाळा

इंटरव्ह्यू देऊन गेटबाहेर आलेली मुलं समोरच्या चहाच्या टपरीवर थांबतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुला किती वेळ बसवलं?" ज्याला वीस मिनिटं बसवलं तो खूश. ज्याला चार मिनिटांत "ठीक आहे, कळवतो" म्हटलं, त्याचा चेहरा पडलेला. तो तिथेच मनाने हरतो, घरी जाऊन फोन बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मिळेल त्या कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्परी धरतो.

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मशीन शॉप बघतो. ऑपरेटर, फिटर, सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारा), क्वालिटीची मुलं घ्यायची असली की एचआरच्या शेजारच्या खुर्चीत मी बसतो. त्याच्या आधी मी स्वतः भोसरीच्या गेटबाहेर उभा राहिलोय आणि चार मिनिटांच्या इंटरव्ह्यूवरून "आपलं काही झालं नाही" असं समजून एक चांगली नोकरी घालवलीय. त्या कंपनीचा फोन आठ दिवसांनी आला होता. तोवर मी दुसरीकडे मूळ सर्टिफिकेटं जमा करून बसलो होतो. म्हणून हे कळकळीने लिहितोय.

किती वेळ बसवलं, यावरून निकाल लावू नका

कारखान्यातला माणूस समोरच्याकडून दोनच गोष्टींचा अंदाज घेत असतो. याच्या हातावर भरवसा ठेवता येईल का, आणि हा रोज वेळेवर येईल का. दोन्हींचं उत्तर कधी चार मिनिटांत मिळतं, कधी अर्धा तास लागतो. पुष्कळदा ज्याच्याबद्दल शंका असते त्यालाच जास्त प्रश्न विचारले जातात.

साहेब गोड बोलले की रागावून बोलले, हेही विसरा. प्रश्न कसले होते ते आठवा. कुठे राहता, नाईट शिफ्टला कसे याल, बसचा स्टॉप कुठला पडेल, आत्ताच्या कंपनीत नोटीस किती दिवसांची, पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) आहे का, पगारावरून थोडी घासाघीस झाली, उठवून शॉपमध्ये नेलं, मशीनसमोर उभं करून विचारलं, कागदांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या: यातल्या तीन-चार गोष्टी घडल्या असतील तर तुमचा विचार चालू आहे. नुसतं "बायोडाटा ठेवून जा" म्हणाले आणि शिफ्टचं, जाण्यायेण्याचं नावही काढलं नाही, तर आशा कमी ठेवा.

यात एक फरक मात्र लक्षात घ्या. एकाच दिवशी साठ-सत्तर मुलं बोलावून लाईनसाठी भरती चालली असेल, तर "उद्यापासून येणार का?" हे सगळ्यांनाच विचारतात आणि झेरॉक्सही सगळ्यांच्याच घेतात. तिथे या खुणांना काही अर्थ नाही. तिथला निकाल एक-दोन दिवसांत लागतो आणि यादी कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून निघते. सेटर, टूल रूम, मेंटेनन्स, क्वालिटी अशा एका-दोघांच्या जागेला वेळ लागतो, कारण जागेची मंजुरी वरून यायची असते. तुम्ही पसंत असूनही तीन आठवडे जाऊ शकतात.

एक उत्तर चुकलं म्हणून सगळं गेलं असं समजू नका

मागे एक आयटीआय टर्नर (लेथ मशीनचं काम शिकलेला) मुलगा आला होता, जुन्नरकडचा. टेबलावर मी एक टर्न केलेली पिन आणि व्हर्नियर कॅलिपर ठेवतो आणि व्यास मोजायला सांगतो. त्याने आधी खिशातल्या रुमालाने पिनवरचं तेल पुसलं. मग कॅलिपरचे दोन्ही जबडे बंद करून उजेडाकडे धरले आणि शून्य जुळतोय का ते पाहिलं. मग मोजलं आणि म्हणाला, "चोवीस पॉइंट सहा." मेन स्केलवर २४ बरोबर होते. व्हर्नियरची तिसरी रेघ जुळत होती. लीस्ट काउंट, म्हणजे एका रेघेचं माप, ०.०२ मिलिमीटर, म्हणून तीन रेघांचे ०.०६. माप होतं २४.०६ आणि तो म्हणाला २४.६. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक. मी काही बोललो नाही, पुढचा प्रश्न विचारला. जाताना त्याचा चेहरा उतरला होता.

त्याच्यानंतरच्या मुलाने माप अचूक सांगितलं. पण पिन पुसली नाही, शून्य पाहिला नाही, आणि कॅलिपर टेबलावर आपटल्यासारखा ठेवला.

संध्याकाळी पहिल्या मुलाचा मेसेज आला: "साहेब, पिनचं माप २४.०६ होतं. मी घाईत शून्य खाल्लं. बसमध्ये लक्षात आलं." एवढंच. आम्ही त्याला घेतला. मेसेज नसता तरी कदाचित घेतला असता, कारण वाचनातली चूक आठ दिवसांत सुधारता येते, पण शून्य तपासायची सवय अंगात मुरायला वर्षं जातात. पण चूक स्वतःहून कळवणारा माणूस लाईनवर किती मोलाचा असतो, हे ज्याने रिजेक्शनचे ढीग पाहिलेत त्याला विचारा. खराब पीस गुपचूप बिनमध्ये टाकणारा एक जण अख्खा लॉट परत आणू शकतो.

तेव्हा एखादं उत्तर चुकल्याचं नंतर लक्षात आलं, तर दोन ओळींत बरोबर उत्तर कळवून टाका. लांबलचक माफी नको. आणि उत्तर मोबाईलवर शोधून, स्वतःला न समजता पाठवू नका. दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न पुन्हा आला तर तोंड उघडायला जागा राहत नाही.

नाव आणि विभाग न विचारता गेटबाहेर पडू नका

ही चूक दहातले आठ जण करतात. चार दिवसांनी फोन करतात आणि म्हणतात, "त्या दिवशी इंटरव्ह्यू झाला होता, चष्मेवाल्या सरांकडे." टेलिफोन ऑपरेटरने कोणाला फोन जोडायचा?

उठायच्या आधी सरळ विचारा: "साहेब, साधारण कधीपर्यंत कळेल? आणि मी कोणाला विचारू?" यात उद्धटपणा काही नाही. उलट बरं वाटतं. बऱ्याच कंपन्यांत मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे नंबर लिहायला खिशात पेन आणि कागद हवा. आत येताना मिळालेल्या गेटपासवर तुम्ही कोणाला आणि कुठल्या विभागात भेटलात ते लिहिलेलं असतं. तो पास सही घेऊन परत द्यावा लागतो, म्हणून देण्याआधी त्यावरचं नाव उतरवून घ्या. पदाचं नाव, तारीख आणि नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टवर, हेही. इंटरव्ह्यू कंपनीच्या माणसाने घेतला तरी पगार कॉन्ट्रॅक्टर देणार असेल, तर निरोप कॉन्ट्रॅक्टरकडून येतो. मुलं कंपनीच्या एचआरला फोन करत राहतात आणि तिकडे कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात नाव पडून असतं.

गेटवरच्या मामांना विचारून निकाल काढू नका. ते बिचारे चांगल्या मनाने "तुझं झालं बघ" म्हणतात. त्यांना यादी ठाऊक नसते.

फोन चुकीच्या वेळी करू नका

सांगितलेली तारीख उलटून कामाचा एक दिवस गेला की फोन करा. तारीख सांगितलीच नसेल तर कामाचे चार-पाच दिवस थांबा. कामाचे दिवस मोजताना सुट्टी रविवारीच असते असं धरून चालू नका. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, नाशिकला सातपूर-अंबडमध्ये शनिवारची. गुरुवारी दहा वेळा फोन लावून "उचलतच नाहीत" म्हणत बसलेली मुलं मी पाहिलीत.

सकाळचा पहिला तास मीटिंगचा आणि मशीन चालू करण्याचा. शिफ्ट बदलताना कोणीही बोलायच्या मनःस्थितीत नसतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एचआर पगारात गुंतलेलं असतं, कारण ७ तारखेपर्यंत पगार व्हावा लागतो. मग १५ तारखेपर्यंत पीएफचं चलन. महिनाअखेरीला प्रॉडक्शनची माणसं डिस्पॅचच्या मागे असतात. सकाळी अकरा ते साडेबारा किंवा दुपारी तीन ते साडेचार ही वेळ त्यातल्या त्यात बरी. शक्य असेल तर ८ ते २५ तारखेच्या मधला दिवस बघा.

आधी मेसेज करा, फोन नंतर. "हाय सर" एवढाच मेसेज पाठवून उत्तराची वाट बघू नका. समोर नुसता नंबर दिसतो, तुम्ही कोण ते कळत नाही. असं लिहा:

"नमस्कार साहेब. मी (पूर्ण नाव), आयटीआय टर्नर. मंगळवारी मशीन शॉपमधल्या सीएनसी ऑपरेटरच्या जागेसाठी आपल्याकडे इंटरव्ह्यू दिला होता. तिन्ही शिफ्टला येऊ शकतो. आत्ताच्या कंपनीत १५ दिवसांची नोटीस आहे. निकालाबद्दल काही ठरलं असल्यास कळवावं."

दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन. तोही नाही लागला तर आठवड्याने आणखी एक मेसेज. त्यापुढे नको. रोज फोन करणारा माणूस गरजू वाटतो हे खरं, पण लाईनवरही रोज डोकं खाईल असंही वाटतं. ओळखीच्या नगरसेवकाकडून किंवा युनियनच्या माणसाकडून फोन लावायच्या फंदात पडू नका. हातात कसब असलेल्या मुलाचं नाव अशा फोनमुळे मागे पडलेलं मी पाहिलंय.

तुमचा फोन लागत नाही, ही तक्रार तुमच्याविरुद्ध जाते

निवडलेल्या मुलांना फोन लावायला बसलं की काय होतं सांगतो. रिचार्ज संपल्याने इनकमिंग बंद. लँडलाईनचा अनोळखी नंबर बघून लोनवाल्यांचा समजून कट. बायोडाटावर दोन वर्षांपूर्वीचा नंबर. एचआरची मुलगी दोनदा लावते, तिसऱ्यांदा यादीतल्या पुढच्या नावाकडे जाते. तिलाही संध्याकाळपर्यंत जागा भरायच्या असतात.

निकालाची वाट बघत असताना रिचार्ज चालू ठेवा. ०२१३५ म्हणजे चाकण-राजगुरुनगर, ०२११४ म्हणजे तळेगाव-वडगाव मावळ, ०२१३८ म्हणजे शिरूर-रांजणगाव, ०२० पुणे, ०२५३ नाशिक. हे आकडे सुरुवातीला दिसले तर उचला. गावाकडचा दुसरा नंबर दिला असेल तर घरी सांगून ठेवा, की कंपनीचा फोन आला तर नाव आणि नंबर लिहून घ्या. "तो रानात गेलाय" एवढ्यावर फोन ठेवला की निरोप तिथेच संपतो.

तोंडी शब्दावर हातची नोकरी सोडू नका

"तुमचं नक्की आहे" असं कोणी म्हटलं तरी पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. अजून मेडिकल व्हायचं असतं. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचता आले नाहीत तर इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी तिथेच नाव गळू शकतं, आणि पुष्कळांना आपल्याला लाल-हिरवा नीट कळत नाही हे त्या दिवशीच पहिल्यांदा समजतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, त्यामुळे कागद मागताना अवघडू नका. पत्रात हातात येणारी रक्कम, ट्रेनिंगचा काळ आणि पगार कोण देणार हे नीट वाचा. जुनी नोकरी सोडाल तेव्हा रिलीव्हिंग लेटर घ्या आणि यूएएनवर सोडल्याची तारीख पडली का ते बघा. नाहीतर पीएफ ट्रान्सफर करताना अडतं.

पैसे मागितले की थांबा

युनिफॉर्म, सेफ्टी शूज, मेडिकल, "फाईल पुढे सरकवायला", कोणत्याही नावाने जॉइनिंगच्या आधी पैसे मागितले तर देऊ नका. मोठ्या कंपनीचं नाव आणि साध्या जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर दिसलं, तर त्यावरच्या नंबरला फोन करून खात्री करू नका, कारण तो नंबरही त्यांचाच असतो. प्रत्यक्ष गेटवर जा आणि एचआरला पत्र दाखवा. एक दिवस आणि बसचं भाडं जाईल, घरच्यांचे दहा-पंधरा हजार वाचतील.

नकार आला की नंबर डिलीट करू नका

हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. जॉइन झालेल्यांपैकी काही मुलं पहिल्या पंधरा दिवसांत सोडतात. कोणाला नाईट झेपत नाही, कोणाला खोली मिळत नाही, कोणाला जवळची नोकरी लागते. तेव्हा नव्याने जाहिरात काढायला वेळ नसतो, जुनी यादी काढली जाते. नकार कळल्यावर ज्याने "ठीक आहे साहेब. पुढे जागा निघाली तर जरूर कळवा. माझं कुठे कमी पडलं तेवढं सांगितलंत तर सुधारणा करीन" असं लिहिलेलं असतं, त्याचं नाव आधी आठवतं.

कारण सांगितलं तर वाद घालू नका, कामाला लागा. ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणाले असतील तर आयटीआयच्या सरांकडे जाऊन चार रविवार बसा. सीएनसीचा ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमध्ये भरायची दुरुस्ती) कळला नाही म्हणाले असतील तर आहे त्या कंपनीतल्या सेटरच्या मागे लागून शिका. आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच नंबरवर मेसेज करा. त्यात काय शिकलात ते नेमकं लिहा, कुठल्या मशीनवर, कुठल्या कंट्रोलवर, कुठला जॉब.